ई-इंकवर दिवसाचं काम होईल का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात: टॅब बाजूला ठेवून ई-इंकचा, म्हणजे किंडलसारख्या कागदासारखं दिसणाऱ्या पडद्याचा, रीडर रोजच्या कामाला जुंपता येईल का? म्हणून हा अंक याच विषयाला देते, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. मी संपादन आणि मुद्रितशोधन करते. माझ्या टेबलावर दहा इंची ई-इंक आणि टॅब दोन्ही असतात, आणि कुठलं काम आलं की हात कशाकडे जातो त्यावरूनच ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी कार्यालयात अहवाल तपासण्याचं काम करते. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे चुरचुरतात. टॅब देऊन टाकून मोठा, अँड्रॉइडवाला ई-इंक घ्यावा असं मनात आहे. सगळी ॲप त्यावर चालतात असं जाहिरातीत लिहिलं आहे. मेल, एक्सेल, पीडीएफ, ऑनलाइन बैठका, सगळं त्यावर निभावेल का?

उत्तर: टॅब देऊन टाकू नका. ई-इंक जरूर घ्या, पण जोडीला.

ऑनिक्स बूक्ससारख्या अँड्रॉइडवाल्या रीडरवर तुमची मेलची आणि एक्सेलची ॲप उघडतात, जाहिरात खोटं बोलत नाही. पण ती ॲप ज्यांनी बनवली त्यांच्या समोर सेकंदाला निदान साठ वेळा ताजा होणारा पडदा होता. ई-इंकची रचनाच वेगळी आहे. या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात. कुपीत द्रव, आणि द्रवात काळे नि पांढरे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाला जातात. वीज काढून घेतली तरी ते जिथे आहेत तिथेच राहतात. पान तासभर उघडं ठेवलं तरी ते टिकवायला वीज लागत नाही, ती म्हणूनच. पान बदलायला वेळ लागतो, तोही म्हणूनच. कणांना द्रवातून प्रत्यक्ष पोहत जावं लागतं. त्यात करड्या रंगाच्या सोळा छटा नीट उमटवायच्या तर त्यांना थोडं पुढे, थोडं मागे असं ढकलावं लागतं. पान उलटताना पडदा क्षणभर काळा-पांढरा लुकलुकतो, तो हा प्रकार. या सगळ्यात जवळपास अर्धा सेकंद जातो. कादंबरी वाचताना अर्ध्या सेकंदाचं कोणाला काय! एक्सेलचा तक्ता खाली सरकवताना मात्र बोट हलवलं की दर वेळी तो आडवा येतो.

यावर कंपन्यांनी वेगवान मोड काढले आहेत. वेग मिळतो तो छटा सोडून दिल्याने. सगळ्यात वेगवान मोडमध्ये पडदा काळा आणि पांढरा एवढंच ओळखतो. अक्षरांच्या कडा खरखरीत होतात, छायाचित्रांचे ठिपके होतात आणि आधीच्या पानाची पुसट सावली नव्या पानावर रेंगाळते. ती घालवायला मध्येच पूर्ण रिफ्रेश मारावा लागतो. म्हणजे वेग किंवा स्वच्छ अक्षर, दोन्हींतलं एक निवडा.

आता तुमची कामं एकेक घेऊ. मेल वाचणं उत्तम होतं. 'पोचलं, उद्या कळवते' एवढं उत्तरही होतं. दोन परिच्छेदांचं उत्तर लिहायला बसाल तर अक्षर बोटाच्या मागून येतं, चूक दिसेपर्यंत पुढची दोन अक्षरं टाइप झालेली असतात, आणि मग मागे जाऊन खोडण्यातही तोच उशीर. ब्लूटूथ कीबोर्ड जोडला तरी पडदा तोच राहतो. मी आधी वाक्य मनात पूर्ण जुळवून मग टाइप करते, तेव्हा जमतं. पण ती लेखकाची चैन झाली, कार्यालयात कोण तेवढा वेळ देतं?

एक्सेलची अडचण वेगाइतकीच रंगाची आहे. अहवाल तपासणाऱ्याला तर ती फारच नडते. तुटीचे लाल आकडे ई-इंकवर काळेच दिसतात. कोणीतरी शंका म्हणून पिवळा केलेला चौकोन आणि कोणीतरी तपासून हिरवा केलेला चौकोन, दोघंही सारख्याच करड्या रंगाचे. आलेखातल्या पाच रेषा म्हणजे पाच करड्या रेषा. यातून चूक सुटली तर दोष तुमच्या माथी येईल, यंत्राच्या नाही.

बैठकांचं थोडक्यात सांगते. बहुतेक ई-रीडरांना समोरचा कॅमेराच नसतो. आवाज ऐकता येईल, काहींवर बोलताही येईल, पण समोरच्याने पडदा शेअर करून तक्ता फिरवायला घेतला की तुम्हाला सावल्यांचा खेळ दिसेल. बैठकीच्या नोंदी हाताने टिपून घ्यायला मात्र ई-इंकइतकं छान दुसरं काही नाही.

एक गोष्ट विकत घेण्याआधी कार्यालयातल्या संगणक विभागाला विचारून घ्या. अँड्रॉइडवाल्या ई-रीडरांतली आवृत्ती बरेचदा मागे असते, काहींवर गूगल प्ले आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि कार्यालयाच्या मेल खात्याला सुरक्षेच्या अटी असतील तर असं यंत्र त्यात बसेलच असं नाही. सगळं काम त्या एका खात्यावर अडतं आणि घेतलेलं यंत्र कपाटात जातं.

किंडल किंवा रिमार्केबल (पेनाने लिहायचा ई-इंक) घेतलंत तर हा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे आपली ॲप टाकायची सोयच नाही. किंडलवर ब्राउझर आहे तो नावापुरता. रिमार्केबलवर तोही नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. कामात लक्ष विचलित होऊ नये ही त्यामागची कल्पना. ती मला पटते, पण तुमचं काम त्या कल्पनेत बसत नाही.

मग तुमच्यासाठी ई-इंक कशाला? तर अहवाल मुळापासून शेवटापर्यंत वाचायला. मी साठ-सत्तर पानांचं हस्तलिखित टॅबवर वाचायला घेतलं की पंधराव्या पानाला मेल बघते. ई-इंकवर बघत नाही, कारण तिथे मेल बघणंच कटकटीचं आहे. त्याच्या मर्यादेचा एवढा फायदा मी रोज घेते. अहवालाची पीडीएफ करून त्यावर टाका, पेनाने खुणा करा, शंका समासात लिहा, आणि मग टॅबवर किंवा संगणकावर बसून दुरुस्त्या उतरवा. काम दोनदा होतं असं वाटेल, पण दुसऱ्या वेळी फक्त खुणांपाशी थांबायचं असतं.

याउलट पुस्तकाची सूची करायची असेल तर मी ई-इंकला हात लावत नाही. पान बारावरचं नाव, मग एकशे चाळीस, मग परत बारा, मग एकशे त्र्याण्णव, अशी ती ये-जा असते. तिथे टॅब. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर टॅबच घ्या, मन मारून का होईना.

प्रश्न: मी संशोधन करतो. सहा इंची रीडर आहे, कादंबऱ्यांसाठी झकास. पण शोधनिबंधांच्या पीडीएफ त्यावर मुंगीच्या अक्षरांत दिसतात. सेटिंगमध्ये अक्षर मोठं करायचा पर्याय पीडीएफला लागूच होत नाही. यंत्र बिघडलं आहे का?

उत्तर: यंत्र ठणठणीत आहे. ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या नेहमीच्या फाइलमध्ये, मजकूर वाहता असतो, पडदा केवढा आहे ते बघून ओळी नव्याने मोडल्या जातात, म्हणून अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा जसाच्या तसा ठसा. पान ए-फोरचं असेल तर रुंदी २१० मिलिमीटर. तुमच्या सहा इंची पडद्याची रुंदी साधारण ९१ मिलिमीटर. म्हणजे पान ४३ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर बरा म्हणायची वेळ येते. देवनागरीत तर रफार, अनुस्वार आणि जोडाक्षराखालचा पाय हे आधी बुडतात, मग 'कर्म' आणि 'कम' यांतला फरक संदर्भावरून लावत बसा.

दहा इंची, म्हणजे १०.३ इंची पडद्याची रुंदी १५७ मिलिमीटर आहे. त्यावर तेच अक्षर ९ पॉइंटचं दिसतं, वाचता येतं. आणि इथे एक युक्ती आहे. ए-फोर पानाला दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटरचा समास असेल तर प्रत्यक्ष मजकुराची रुंदी १६० मिलिमीटरच उरते. समास कापून दाखवायचा पर्याय जवळपास प्रत्येक यंत्रात असतो. तो चालू केला की १०.३ इंची पडद्यावर अक्षर जवळजवळ मूळ आकाराचं मिळतं, फक्त एक पान दोन टप्प्यांत वाचावं लागतं. १३.३ इंची पडदा तर ए-फोरच्या फार जवळ जातो, ज्यांचं वाचन बहुतेक पीडीएफचंच आहे त्यांनी त्याचा विचार करावा.

तुमच्याकडे सध्या आहे त्या यंत्रावर समास कापा आणि पडदा आडवा करा. अक्षर ९ पॉइंटच्या आसपास येईल, पान तीन तुकड्यांत वाचावं लागेल. दोन रकान्यांचा निबंध असेल तर काही ॲपमध्ये रकान्याप्रमाणे पुढे नेणारा पर्याय असतो, तो शोधा. चिमटीने मोठं करून इकडेतिकडे सरकवत वाचायचा मार्ग मात्र ई-इंकवर विसरून जा. प्रत्येक सरकवण्याला पडदा नव्याने रंगतो आणि निबंधाचा धागा तुटतो. टॅबवर हेच विनासायास होतं, हे मान्य करून टाकायचं.

पीडीएफ वाहती करायचा पर्याय काही यंत्रांत आहे. इंग्रजी मजकुराला तो बऱ्यापैकी लागू पडतो, तळटीपा आणि तक्ते मध्येच घुसतात तेवढं सोसायचं. जुन्या मराठी पीडीएफवर मात्र वापरून बघाल तर हसू येईल. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटांमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. डोळ्यांना पान मराठी दिसतं, यंत्राला ते निरर्थक रोमन अक्षरांचं गाठोडं असतं. शोध लागत नाही, शब्दकोश उघडत नाही. यात टॅबही काही दिवे लावत नाही, पण टॅबवर निदान ओसीआर करून, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून, मजकूर वेगळा काढता येतो.

संशोधनातला दुसरा भाग म्हणजे संदर्भ ताडून बघणं. निबंध डावीकडे, टिपणं उजवीकडे असं दहा इंची ई-इंकवर करता येतं, पण प्रत्येक अर्ध्याला साडेसात इंचांचाही पडदा येत नाही. मी असं करत नाही. निबंध ई-इंकवर, वही टेबलावर. वही म्हणजे कागदाची.

प्रश्न: ई-इंक डोळ्यांना अपाय करत नाही आणि टॅब करतो असं सगळे सांगतात. हे खरं आहे का? झोपण्याआधी वाचायची सवय आहे.

उत्तर: वाचताना डोळे थकतात त्यातला मोठा भाग पापण्या कमी लवण्याचा आणि एकाच अंतरावर रोखून बघण्याचा असतो. तो कोणत्याही पडद्यासमोर होतो, कागदासमोरही होतो. थोड्या थोड्या वेळाने लांबवर नजर टाकणं, पापण्या मुद्दाम मिटणं, अक्षर मोठं करणं याने दोन्हीकडे फरक पडतो.

ई-इंकचा खरा गुण उजेडात दिसतो. तो स्वतः प्रकाशत नाही, कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. भर उन्हात टॅब आरसा होतो आणि ई-इंक अधिक स्पष्ट दिसतो. उलट अंधारात त्याला दिवा लागतो. २०१२ पासून बऱ्याच यंत्रांत कडेला बारीक दिवे बसवून तो उजेड पानावर पसरवण्याची सोय आली, म्हणजे प्रकाश मागून डोळ्यांत येण्याऐवजी आधी पानावर पडून मग येतो. पण प्रत्येक यंत्रात ही सोय असेलच असं धरू नका. रिमार्केबल २ मध्ये ती नाही. रात्री वाचणाऱ्याने विकत घेण्याआधी हे आधी बघावं.

झोपेबद्दल २०१४ साली बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा जणांना काही संध्याकाळी छापील पुस्तक दिलं आणि काही संध्याकाळी पूर्ण उजेडावर ठेवलेला टॅब. टॅबच्या दिवशी झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दबलेलं आढळलं. लोक हा अभ्यास अमुक यंत्र घ्या म्हणून पुढे करतात. पण माणसं बारा, आणि टॅबचा उजेड पूर्ण चढवलेला. उजेड कमी ठेवून अर्धा तास वाचणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तुम्ही रात्री वाचत असाल तर ई-इंक घ्या, पण कारण हे असू द्या की त्यावर पुस्तक संपल्यावर दुसरं काही बघायला नसतं. आणि डोळ्यांचा त्रास रोजचाच असेल तर तो प्रश्न माझ्या सदराचा नाही, डॉक्टरांचा आहे.

प्रश्न: मी अनुवाद करते. पेनाने लिहायचा ई-इंक घेतला. लिहायला कागदासारखं वाटतं, पण लिहिलेलं पुढे कुठे नेताच येत नाही!

उत्तर: तुमची तक्रार रास्त आहे आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. या यंत्रांचं पेन खरोखर चांगलं असतं. बऱ्याच यंत्रांत पेनाला चार्जिंगही लागत नाही, पडद्याखालचा थर त्याला चालवतो. शाई उमटायला लागणारा वेळही इतका कमी केला आहे की हाताला तो जाणवत नाही. पान बदलायला वेळ आणि रेघ मात्र झटकन, हे कसं, असा प्रश्न पडेल. रेघेपुरता लहानसा भागच रंगवायचा असतो आणि काळा-पांढरा एवढंच पुरतं, म्हणून.

अडचण त्यानंतर सुरू होते. एका ॲपमधून परिच्छेद उचलायचा, दुसऱ्यात टाकायचा, शब्दकोशात एक अर्थ बघायचा, परत यायचं. अनुवादकाच्या दिवसात ही फेरी सतत चालते आणि ई-इंकवर प्रत्येक फेरीत वेळ जातो. हस्ताक्षराचा मजकूर करून देतो असं यंत्र म्हणत असेल तर ते देवनागरीबद्दल म्हणतं का, हे आधी तपासा, आणि जोडाक्षरं असलेलं आपलं नेहमीचं गिचमिड अक्षर लिहून तपासा, शाळेतलं वळणदार नाही.

मी पहिला खर्डा हाताने त्यावर लिहिते आणि त्याचं मजकुरात रूपांतर करायचा प्रयत्नच करत नाही. पीडीएफ करून टॅबवर घेते, बाजूला ठेवते आणि टाइप करते. टाइप करताना अनुवाद पुन्हा एकदा तपासून होतो, त्यामुळे हा वेळ मला वाया गेला असं वाटत नाही. तुमच्या मुदती माझ्याहून कडक असतील तर मात्र सरळ टॅबवर किंवा संगणकावर अनुवाद करा आणि ई-इंक शेवटच्या वाचनाला ठेवा. आपल्याच वाक्यांतला परकेपणा तिथे चटकन दिसतो, का ते देव जाणे.

प्रश्न: रंगीत ई-इंक आला आहे ना? मग टॅबची गरज काय?

उत्तर: रंगीत म्हणजे वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीसारखा, तोही थोडा पाणी पडलेला. सध्या जास्त दिसणाऱ्या कॅलिडो ३ प्रकारात काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची गाळणी बसवलेली असते. काळा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतो, रंग १५० नी, आणि रंग एकूण ४,०९६. गाळणीने पडद्याची पार्श्वभूमी काळसर होते, त्यामुळे दिवा जास्त वेळा लावावा लागतो. दुसऱ्या प्रकारात कणच रंगीत असतात, २०२४ च्या रिमार्केबल पेपर प्रोमध्ये त्यावर आधारलेला पडदा आहे. तिथे गाळणी नाही, पण इतक्या रंगांचे कण वेगवेगळे हलवायचे म्हणून रंगीत पान बदलायला आणखी वेळ. अधोरेखनाचे रंग, नकाशा, मुखपृष्ठ यांना हे पुरेसं आहे. छायाचित्रं निवडायची असतील, रंग ठरवायचे असतील तर अजिबात नाही.

प्रश्न: बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते असं ऐकून अँड्रॉइडवाला ई-इंक घेतला, तर दोन-तीन दिवसांत संपते. फसवणूक झाली का?

उत्तर: आठवड्यांचा हिशेब पान स्थिर ठेवून वाचणाऱ्याचा आहे. तुम्ही वायफाय चालू ठेवलं, दिवा चढवला, मागे चार ॲप जागी ठेवली, वेगवान मोडमध्ये ब्राउझर फिरवला, तर वीज प्रोसेसर आणि दिवे खातात, पडद्याची बचत त्यात बुडून जाते. वाचायला बसताना वायफाय बंद करा आणि मेलचं ॲप त्या यंत्रावरून काढून टाका. तेवढं करून काय होतं ते कळवा.

प्रश्न: पिशवीत ठेवलेल्या रीडरचा पडदा आतून फुटला. वरून एक ओरखडा नाही, पण अर्ध्या पानावर रेघा. असं कसं?

उत्तर: बऱ्याच ई-इंक पडद्यांत कणांच्या थराखाली पातळ काच असते. पिशवीत चार्जरचं टोक किंवा किल्ल्यांचा जुडगा त्यावर दाबला गेला की वरचा थर तसाच राहतो आणि खालची काच तडकते. टॅबचा पडदा वरून जाड काचेने झाकलेला असतो, म्हणून त्याला हा दाब सोसतो. दुरुस्ती म्हणजे पूर्ण पडदा बदलणं. बहुतेक वेळा नवं यंत्र घेण्याच्या जवळपास खर्च येतो, तेव्हा आधी अंदाज विचारा. पुस्तकं खात्यावर असतील तर ती दुसऱ्या यंत्रावर परत उतरवता येतील. हाताने लिहिलेल्या टिपणांचं तसं नाही: पडदा अर्धा तरी दिसतोय तोवर आजच केबल लावून किंवा मेलने ती बाहेर काढून घ्या. पुढचं यंत्र घ्याल ते कडक पाठीच्या, पडदा झाकणाऱ्या कव्हरात ठेवा आणि पिशवीत त्याच्या पडद्याची बाजू वहीकडे करा.